थोरांचीं बालपणें आणि चरित्रकारांचा अर्थवाद

थोर पुरुषांच्या चरित्रांतील बालपणाचीं प्रकरणें वाचक सर्वांत आवडीनें वाचतो, आणि चिकित्सक सर्वांत साशंकतेनें. ज्याचें पुढें नांव होणार आहे हें कोणासच ठाऊक नसतें, त्याच्या बाललीला टिपून ठेवण्यास लेखक बसलेला नसतो. त्या आठवतात त्या पुढें, कीर्ति झाल्यावर. आणि कीर्तीच्या प्रकाशांत आठवलेली वस्तु मूळच्या आकाराची राहतेच असें नाहीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या बालपणाच्या कथा या दृष्टीनें तपासाव्या असें आम्हांस वाटतें. ते आमच्या नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें १८ जानेवारी १८४२ रोजीं जन्मले. म्हणून हें काम प्रथम नाशिककरांनीं करावें हेंच उचित.

साधनें थोडीं पण चांगलीं आहेत. मानकर यांचें इंग्रजी चरित्र रानड्यांच्या मृत्यूनंतर लौकरच, १९०२ सालीं, निघालें. रमाबाईंचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० चें, व नरहर रघुनाथ फाटक यांचें विस्तृत मराठी चरित्र १९२४ चें. यांतील रमाबाईंच्या पुस्तकाची योग्यता फार मोठी. मराठींत इतक्या सरळपणानें लिहिलेलें दुसरें आत्मवृत्त दाखविणें कठिण. परंतु त्याची साक्ष सर्वत्र सारखी धरतां येत नाहीं. रमाबाईंचा जन्म १८६२ चा, विवाह १८७३ चा. त्यानंतरच्या ज्या गोष्टी त्या सांगतात त्यांच्या त्या प्रत्यक्ष साक्षी. तत्पूर्वीचें जें सांगतात तें घरांतील वडील मंडळींच्या तोंडून ऐकलेलें. प्रत्यक्ष व शब्द हीं दोन प्रमाणें निराळीं आहेत, हें न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठांत शिकवितात. चरित्रमालांचे लेखक तेवढेंही ध्यानांत ठेवीत नाहींत.

आतां कथा पाहूं. लहान असतां ते रात्रींच्या प्रवासांत बैलगाडींतून खालीं पडले, गाडी पुढें निघून गेली, व मागून घोड्यावरून येणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्यानें त्यांना उचलून घेतलें. आईनें बर्फीचे दोन तुकडे दिले, लहान तुकडा गड्याच्या मुलास देण्यास सांगितलें, तर यांनीं मोठा त्यास दिला व लहान आपण खाल्ला. सोंगट्या खेळावयास कोणी न मिळाल्यामुळें खांबास गडी केलें, त्याचे फांसे एका हातानें व आपले दुसऱ्या हातानें टाकले, आणि शेवटीं खांबाकडून हरले.

मीमांसकांनीं अर्थवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. इतर प्रमाणांशीं ज्याचा विरोध येतो तो गुणवाद. इतर प्रमाणांनीं जें आधींच सिद्ध असतें तें पुन्हा सांगणें तो अनुवाद. विरोधही नाहीं आणि अन्य सिद्धिही नाहीं तो भूतार्थवाद. ही वांटणी वेदवाक्यांसाठीं झालेली असली तरी चरित्रांस ती चपखल लागू पडते. वरील तिन्ही कथा भूतार्थवादाच्या, म्हणजे विरोधही नाहीं व स्वतंत्र पुरावाही नाहीं अशा. तरी त्यांचें वजन समान नाहीं. गाडींतून पडल्याच्या कथेंत मुलाचा कांहींच गौरव नाहीं; उलट घरच्यांच्या निष्काळजीपणाची ती कबुली आहे. जी गोष्ट सांगणारास गैरसोयीची, ती रचलेली असण्याचा संभव कमी. खांबाची गोष्ट मात्र भावी न्यायाधीशाच्या अंगास फारच बेताबेतानें बसते. ती खोटी असें आम्ही म्हणत नाहीं. एकलकोंडीं मुलें असे खेळ खेळतात. पण शेंकडों खेळांतून हाच एक खेळ घराच्या स्मरणांत कां उरला, याचें उत्तर खेळांत नसून पुढील पदांत आहे.

शुद्ध गुणवादाचें उदाहरण हवें असेल तर तें आम्हां नाशिककरांच्याच तोंडीं सांपडेल. निफाडच्या मातीनें रानडे घडविले, हें वाक्य आमच्या सभांतून टाळ्या घेतें. वस्तुतः वडील गोविंदराव नोकरीनिमित्त कोल्हापुरास गेले, मुलाचें मराठी व प्रारंभिक इंग्रजी शिक्षण तेथेंच झालें, आणि नाशिकशीं पुढील संबंध आला तो १८७८ सालीं न्यायखात्याच्या बदलीनें. निफाड हें जन्मस्थान खरें, विद्यास्थान नव्हे.

हा रोग केवळ आपलाच नाहीं. अमेरिकेंत जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ सालीं वारले. पुढल्याच वर्षीं वीम्स नांवाच्या एका पाद्र्यानें त्यांचें चरित्र छापलें, आणि चेरीच्या झाडाची सुप्रसिद्ध कथा त्यांत घातली ती १८०६ च्या आवृत्तींत. आमच्याकडे टिळकांच्या भुईमुगाच्या टरफलांची कथा शाळाशाळांतून जें काम करिते, तेंच ती तिकडे करीत आली. परंतु वॉशिंग्टन यांच्या बालपणींच्या हस्तलिखित वह्या आजही उपलब्ध आहेत. त्यांत भूमिति आहे, जमीन मोजणीचे पाठ आहेत, दस्तऐवजांचे मसुदे आहेत, शिष्टाचाराचे नियम उतरून काढलेले आहेत. अकराव्या वर्षीं पितृछत्र हरपलेला, महाविद्यालयाचें तोंड न पाहिलेला मुलगा सतराव्या वर्षीं, १७४९ सालीं, एका परगण्याचा मोजणीदार कसा झाला, हें त्या वह्या सांगतात. झाड सांगत नाहीं. लिंकन यांनीं तर आपलें सारें शालेय शिक्षण मिळून एक वर्षही भरणार नाहीं असें १८६० सालीं स्वतःच लिहून ठेवलें. आपल्याकडे अशीच स्वमुखींची साक्ष डॉक्टर आंबेडकरांची. १९०१ च्या सुमारास वडिलांस भेटण्यास निघालेल्या मुलांना मसूर स्थानकावर उतरल्यावर जातीमुळें गाडी मिळेना, ही हकीकत त्यांनीं आपल्या हातानें लिहिली आहे. तींत स्थळ आहे, प्रसंग आहे, आणि बालनायकाच्या अलौकिक गुणांचें नांवही नाहीं.

रानड्यांच्या शिक्षणाचा जो भाग अनुवादाच्या कोटींत येतो, म्हणजे इतर कागदांनीं सिद्ध आहे, तो कथांहून कितीतरी रोचक आहे. पण शालोपयोगी चरित्रें तो दोन ओळींत उरकतात. १८५६ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत आले. पुढल्याच वर्षीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. १८५९ सालीं पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तींत ते उत्तीर्ण झाले. १८६२ सालीं पहिले चार पदवीधर बाहेर पडले: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. त्याच वर्षीं निघालेल्या ‘इंदुप्रकाश’ पत्राची इंग्रजी बाजू वीस वर्षांच्या या तरुणाकडे आली. १८६६ सालीं कायद्याची पदवी. या सर्व वर्षांत वाचन इतकें झालें कीं डोळे कायमचे अधू झाले. विद्यापीठच नवें, त्याच्या परीक्षा नव्या, आणि मागें पाहून चालावें असा पूर्वीचा एकही पदवीधर नाहीं, अशा स्थितींत हीं मुलें काय वाचीत, कोणाच्या हाताखालीं वाचीत, हा खरा चरित्रविषय होय. बर्फीचा तुकडा लहान कीं मोठा, हा नव्हे.

याच काळांतील एक प्रसंग चरित्रकार सांगतात. रानड्यांनीं एका निबंधांत इंग्रजी अमलाशीं मराठी राज्याची तुलना करून मराठी राज्यास झुकतें माप दिलें. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट रुष्ट झाले, आणि रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद राहिली. (हे ग्रँट व १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ हे अगदीं भिन्न, आमच्या विद्यार्थ्यांकडून दोघांची गल्लत झालेली आम्हीं पुष्कळदां पाहिली आहे.) ही कथा खांबाच्या कथेहून निराळ्या जातीची. शिष्यवृत्ति ही हिशेबाची बाब. ती बंद होणें व पुन्हा सुरू होणें ही कचेरीच्या वहींत उतरणारी घटना. आणि तिचा दुसरा धागा चरित्रनायकाच्या ग्रंथांत सांपडतो. १९०० सालीं, मृत्यूच्या आदल्या वर्षीं, रानड्यांनीं मराठी सत्तेच्या उदयावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठ्यांचा उदय आकस्मिक नव्हता, त्याच्या मुळाशीं संतांनीं सिद्ध केलेली लोकजागृति होती, हा त्याचा सिद्धान्त. चरित्रकार या ग्रंथाचा विचार उत्तरायुष्याच्या प्रकरणांत करितात व शिष्यवृत्तीची गोष्ट विद्यार्थिदशेच्या. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांवर पूल कोणी बांधीत नाहीं. निबंधांतलें मत तेंच राहिलें कीं बदललें, न्यायासनावर बसल्यावर तें कोणत्या रूपानें टिकलें, हें या दोन टोकांमध्यें शोधावयाचें आहे.

पुढील चरित्रकाराकडे आमचें मागणें एवढेंच, कीं बालपणाची कथा छापतांना ती कोणी, कोणाकडून ऐकली हें तिच्याजवळच लिहावें. रमाबाईंच्या पुस्तकांतील कथा आज शालेय पुस्तकांतून रमाबाईंचें नांव गाळून फिरतात, आणि एका स्त्रीनें आदरानें जपलेली घरगुती आठवण सिद्ध इतिहास म्हणून मुलांपुढें येते. यांत इतिहासावर अन्याय आहे; रमाबाईंवर त्याहून अधिक.