पोशाख आणि ऋण: अमेरिकी सुपरहिरोंची जपानी रूपांतरे

१७ मे १९७८ रोजी तोक्योच्या बारा क्रमांकाच्या वाहिनीवर स्पायडरमॅन अवतरला, तेव्हा मूळ अमेरिकी नायकाचा लाल-निळा पोशाख आणि भिंतीवर चढण्याची कला एवढेच त्याच्याजवळ शिल्लक होते. पीटर पार्कर नव्हता, मे काकू नव्हती, वर्तमानपत्राचा कजाग संपादक नव्हता. त्यांच्या जागी ताकुया यामाशिरो नावाचा मोटारसायकल शर्यतपटू होता. 'स्पायडर' नावाच्या ग्रहाचा शेवटचा योद्धा गारिया त्याला आपली शक्ती देतो. शिवाय एक अंतराळयान मिळते आणि ते यान वेळ पडली की 'लेओपार्डोन' नावाचा अजस्र यंत्रमानव होते. तोएई कंपनीने मार्व्हलशी केलेल्या करारातून निघालेली ही मालिका एक्केचाळीस भाग चालली. ती माणसांनी अभिनय केलेली आहे, अ‍ॅनिमे नव्हे. तरीही अमेरिकी सुपरहिरोंच्या जपानी अ‍ॅनिमेचा विचार मी तिच्यापासूनच सुरू करतो, कारण पुढच्या साऱ्या प्रयत्नांना लावायची फूटपट्टी तिच्यातच सापडते.

या मालिकेची आजवर बरीच टिंगल झाली. कोळ्याला यंत्रमानव कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे व्यावहारिक उत्तर सोपे आहे: पोपी या कंपनीला धातूची खेळणी विकायची होती. पण मला महत्त्वाचा वाटतो तो बदल यंत्रमानवाचा नाही. तो कथेच्या मुळाशी आहे.

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या १९६२च्या मूळ कथेत पीटर एका चोराला अडवत नाही आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा खून करतो. पीटरचे सारे नायकत्व या एका चुकीच्या प्रायश्चित्तातून येते. ताकुयाने कसलीच चूक केलेली नाही. त्याचे शास्त्रज्ञ वडील कोसळलेल्या यानाचा शोध घेताना मारले जातात आणि गारिया आपल्या नष्ट झालेल्या ग्रहाचा चारशे वर्षांचा सूड त्याच्या हाती सोपवून जातो. पीटरचे पाप स्वतःचे आहे. ताकुयाचे ऋण वारशाने आलेले आहे, तेही दोन बापांचे: एक जन्म देणारा, दुसरा शक्ती देणारा. पोशाख तोच राहिला. आतला माणूस ज्या कारणाने उभा राहतो ते कारण बदलले.

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते १८८३ साली, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तो १८९० साली. चंद्रसेन झालेले गणपतराव जोशी पाहायला जाणाऱ्या प्रेक्षकाला डेन्मार्क कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. आपल्याकडे भाषांतर आणि रूपांतर असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि रूपांतर म्हणजे बिघडलेले भाषांतर असे आपण मानत नाही. 'मुळाशी इमानदार आहे का?' हा प्रश्न रूपांतराला लावायचाच नसतो. नव्या घरी त्या गोष्टीला उभे राहायला पाय मिळाले का, एवढेच पाहायचे.

येथे एक सावधगिरी. 'जपानी मन असेच असते, त्यांना कुळाचे ऋणच कळते' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि खोटेही. कारण तोएईच्या आधी, १९७० साली, र्‍योइची इकेगामी यांनी मांगात काढलेला स्पायडरमॅन नेमका उलटा आहे. त्यातला यू कोमोरी हा शाळकरी मुलगा आपल्या पहिल्याच लढाईत शत्रूला ठार करतो, आणि तो शत्रू त्याच्या मैत्रिणीचा भाऊ निघतो. पीटरच्या वाट्याला आलेल्या अपराधापेक्षा हा कितीतरी जड. त्याही आधी, १९६६-६७ मध्ये, जिरो कुवाता यांनी बॅटमॅनच्या अमेरिकी कथा समोर ठेवून आपल्या पद्धतीने पुन्हा मांडल्या. तेव्हा ऋणाची गोष्ट राष्ट्रीय स्वभावाची म्हणता येत नाही. मोठ्या मुलांच्या मासिकात अपराध चालतो. लहानग्यांच्या साप्ताहिक मालिकेत, जिथे दर भागात नवा राक्षस मारायचा आहे, तिथे नायकाला न संपणारे, स्वच्छ कारण लागते. वारशाने आलेले ऋण त्या जागी चपखल बसते.

आता अ‍ॅनिमेकडे. २००८ साली आलेला 'बॅटमॅन: गॉथम नाइट' हा सहा लघुपटांचा संच आहे. लेखक अमेरिकी, चित्रे जपानी स्टुडिओंची: स्टुडिओ फोर डिग्री सी, प्रॉडक्शन आय.जी., बी ट्रेन आणि मॅडहाउस. सहांपैकी पहिला, शोजिरो निशिमी यांनी दिग्दर्शित केलेला, मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो. स्केटबोर्ड खेळणारी चार मुले जमतात. तिघांनी त्या दिवशी बॅटमॅन पाहिलेला आहे, आणि प्रत्येकाचा बॅटमॅन वेगळा: एकाचा धुरासारखा विरघळणारी सावली, दुसऱ्याचा पंखांचा पशू, तिसऱ्याचा यंत्र. चित्रशैलीही कथनागणिक पालटते. मग ती लढाई मुलांच्या अड्ड्यावरच येऊन कोसळते आणि चौथ्या मुलाला दिसतो तो जखमी, धापा टाकणारा, साधा माणूस. मुलगा आपला स्केटबोर्ड चालवून त्याला वाचवतो.

समीक्षकांना येथे कुरोसावांचा 'राशोमोन' आठवतो. पण 'राशोमोन'मध्ये साक्षी एकमेकींना खोटे पाडतात आणि सत्य हाती लागत नाही. येथे सत्य समोर येऊन पडते आणि ते तिन्ही कथांपेक्षा लहान असते. त्या लहानपणातच गंमत आहे. बॅटमॅनची मूळ कथा आईवडिलांच्या खुनाची, म्हणजे तीही वारशाने आलेल्या ऋणाचीच. हा लघुपट तिचा उच्चारही करत नाही. तो ऋणाची दिशा मात्र बदलतो: जो शहराला वाचवतो, तो एका पोराचा देणेकरी होतो. मूळ कथेत हे बीज होते, पण तेथे ते कोणी पेरून पाहिले नव्हते.

याच संचातल्या 'फील्ड टेस्ट'मध्ये ब्रूस वेनला गोळ्या परतवणारे एक चुंबकीय साधन मिळते. परतलेली गोळी एका गुंडाला लागते आणि तो ते साधन परत करतो. धोका पत्करायचा तर तो स्वतःच्या जिवाचा, दुसऱ्याच्या नव्हे. गोष्ट छोटी आहे, पण नेमकी. दुसरा लघुपट आपल्याला जवळचा वाटावा असा, आणि तसा तो वाटत नाही. तोशियुकी कुबोओका यांच्या 'वर्किंग थ्रू पेन'मध्ये तरुण ब्रूस भारतात येतो आणि कासांड्रा नावाच्या बाईकडून वेदना सोसण्याची विद्या शिकतो. ती बाई पुरुषवेषात फकिरांकडे शिकलेली आणि उघडकीस आल्यावर हाकलली गेलेली. तिची कहाणी ब्रूसच्या कहाणीपेक्षा मोठी आहे, पण तिला वाव मिळत नाही. भारत येथे धूळ, फकीर आणि गूढविद्या एवढाच उरतो. दुसऱ्याच्या देशाचे तयार चित्र उचलण्यात जपानी चित्रकार अमेरिकी लेखकाच्या मागे राहत नाही, हे येथे दिसते.

आणि हीच गोष्ट जपानच्या स्वतःच्या चित्रावर उलटली तर काय होते, हे मॅडहाउसच्या पुढच्या प्रकल्पात दिसले. २०१० आणि २०११ मध्ये मार्व्हलसाठी या स्टुडिओने बारा-बारा भागांच्या चार मालिका केल्या: आयर्न मॅन, वुल्व्हरिन, एक्स-मेन आणि ब्लेड. कथासूत्र ब्रिटिश लेखक वॉरन एलिस यांचे. कागदावर हा योग उत्तम होता. पडद्यावर बहुतेक भाग फिके पडले, आणि त्यातही वुल्व्हरिन मला सर्वांत उदास करून गेला.

वुल्व्हरिन जपानला जातो, मारिको याशिदावर प्रेम करतो, तिच्या गुन्हेगार बापाशी लढतो. ही कथा क्रिस क्लेअरमाँट आणि फ्रँक मिलर यांनी १९८२ साली अमेरिकेत रचली होती. तिच्यातले जपान म्हणजे टोळ्या, तलवारी, निंजा, इज्जत आणि मूक सुंदरी. अमेरिकी वाचकाच्या डोळ्यांतले जपान. तेच जपान अमेरिकी कंपनीच्या मागणीवरून आता तोक्योच्या कलावंतांनी पुन्हा चितारले. त्यांना त्यांचाच देश दुसऱ्याच्या आरशातून नकलायला मिळाला आणि त्यांनी ती नक्कल कसोशीने केली. नायकाच्या गळ्यात कसलेही ऋण पडत नाही. तो येतो, कापतो, पुढे जातो. मुळाशी इमान आहे, आणि नेमके त्यामुळेच घर मिळत नाही.

याच चौकडीत दोन जागा मात्र जिवंत आहेत. 'आयर्न मॅन'मध्ये टोनी स्टार्क जपानमध्ये ऊर्जाकेंद्र उभारायला येतो. मूळ कथेत त्याला वाचवताना मेलेला डॉक्टर यिन्सेन येथे जिवंत निघतो, आणि तोही शत्रू म्हणून. ज्याच्या मरणावर आपले जगणे उभे आहे असे टोनी मानत होता, तोच हिशेब मागायला उभा राहतो. दुसरी जागा 'एक्स-मेन'मधली. प्रोफेसर झेव्हिअरचे शिष्य हिसाको इचिकी या मुलीच्या शोधात जपानच्या ईशान्येला, तोहोकूत, जातात. शेवटी ज्या ताकेओशी त्यांना झुंजावे लागते तो झेव्हिअरचाच मुलगा निघतो, बापाला ठाऊक नसलेला. जगभरच्या मुलांचा पालक होऊन बसलेल्या माणसाने स्वतःच्या मुलाचे देणे चुकवलेले नाही. ऋण सापडले की कथा उठून बसते.

ही मालिका जपानमध्ये १ एप्रिल २०११ रोजी सुरू झाली. ११ मार्चला तोहोकूचा किनारा भूकंपाने आणि त्सुनामीने उद्ध्वस्त झाला होता. मालिका आधीच तयार झालेली असणार. त्यामुळे या योगायोगावरून तिला शहाणपण चिकटवण्यात अर्थ नाही. पण त्या तीन आठवड्यांनंतर, अमेरिकेतून उडत आलेले रक्षक तोहोकूत उतरताना पाहणाऱ्या प्रेक्षकाला काय वाटले असेल, हा विचार टाळता येत नाही. सुपरहिरोची कथा वाचवण्याचे वचन देते. त्या वसंतात ते वचन पेलण्याइतकी ती मालिका मजबूत नव्हती.

यानंतर बरीच कामे झाली: लहान मुलांसाठीची 'डिस्क वॉर्स', 'फ्यूचर अ‍ॅव्हेंजर्स', आणि २०२४ची 'सुसाइड स्क्वॉड इसेकाई'. त्यांवर येथे थांबत नाही. थांबायला हवे ते २०१८च्या 'बॅटमॅन निंजा'वर. दिग्दर्शक जुन्पेई मिझुसाकी, लेखक काझुकी नाकाशिमा, पात्रांची रेखाटने ताकाशी ओकाझाकी यांची. गोरिला ग्रॉडचे यंत्र गॉथमच्या खलनायकांना युद्धखोर सरदारांच्या जपानमध्ये फेकते. बॅटमॅन तेथे पोहोचतो तेव्हा बाकीच्यांना येऊन दोन वर्षे झालेली असतात आणि ते सरदार होऊन बसलेले असतात. बॅटमॅनची मोटार, विमान, दुचाकी एकामागून एक मोडतात. हाती काही उरत नाही, तेव्हा वटवाघळाचे चिन्ह मिरवणारे निंजांचे एक कूळ त्याच्या भाकिताची वाट पाहत असलेले भेटते. एकटेपणा हा ज्याचा धर्म, त्याला कूळ मिळते. मधेच तो धर्मोपदेशकाच्या वेषात हिंडतो आणि त्याच्या भादरलेल्या टाळूवरही वटवाघूळ कोरलेले असते. चित्रपटाला स्वतःवर हसता येते.

मग खलनायकांचे किल्ले उठून चालू लागतात आणि एकमेकांना जोडले जाऊन एक महायंत्रमानव होतात. अनेक पाश्चात्त्य प्रेक्षकांनी येथे हात टेकले. मला मात्र लेओपार्डोन आठवला. १९७८च्या त्या यंत्रमानवाचे यश पाहून तोएईने पुढच्याच वर्षीच्या 'बॅटल फीव्हर जे'मध्ये यंत्रमानव आणला आणि तो सेंताई मालिकांचा नियमच झाला. त्याच परंपरेतली एक मालिका १९९३ साली 'पॉवर रेंजर्स' होऊन अमेरिकेत गेली. म्हणजे बॅटमॅनसमोर उभा ठाकलेला तो किल्ला जपानी वेडेपणा तर आहेच, पण त्याच्या पायात एका अमेरिकी कोळ्याचे जाळेही अडकलेले आहे.

या चित्रपटाचा सर्वांत हळवा भाग वेगळ्याच चित्रशैलीत येतो. स्मृती गेलेले जोकर आणि हार्ली शेत कसत, शांतपणे जगत आहेत. त्यांना मारायला आलेला रेड हूड आणि त्याला थांबवणारा बॅटमॅन यांच्यामधला प्रश्न असा, की जो माणूस आपला गुन्हाच विसरला त्याच्याकडून वसुली करायची कशी? पुढे तो विसर जोकरचाच डाव होता असे कळते. तरी ती काही मिनिटे खरीच राहतात. मी हा चित्रपट दोनदा पाहिला: एकदा इंग्रजी संवादांत, एकदा जपानी आवाजांत उपशीर्षकांसह. इंग्रजी संवाद हे भाषांतर नाही. लिओ चू आणि एरिक गार्सिया यांनी ते नव्याने लिहिले आहेत. चित्रे तीच, पण जपानी आवृत्तीतला नाटकी, पल्लेदार स्वर इंग्रजीत पुष्कळसा खाली आणलेला. म्हणजे रूपांतराचे पुन्हा रूपांतर, आणि तेही एकाच तबकडीवर.

आपल्याकडेही एक कोळी येऊन गेला. २००४ साली मार्व्हलच्या परवानगीने निघालेल्या भारतीय स्पायडरमॅनमध्ये नायक पवित्र प्रभाकर मुंबईत राहतो, धोतर नेसतो, त्याला एका योग्याकडून शक्ती मिळते. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बर्नचा नलिन ओबेरॉय. नावे जुळवण्यात गैर काही नाही. डेस्डेमोनाची कमळजा देवलांनीही केली. पण पवित्रचा भीम काका मरतो तो बेन काकाच्या जागी आणि बेन काकाच्याच कारणासाठी. धोतर नवे, ऋण मात्र न्यूयॉर्कचेच. चार अंकांनंतर ही मालिका थांबली.

२०१४च्या सुमारास मार्व्हलने 'स्पायडर-व्हर्स' या कथामालिकेत जगोजागचे कोळी एकत्र आणले, तेव्हा पवित्र आणि ताकुया दोघांनाही बोलावणे गेले. पवित्र धोतर नेसून आला. ताकुया लेओपार्डोन घेऊन आला.