लीळाचरित्र : पाठनिश्चितीचा प्रश्न

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी स्वतः ग्रंथरचना केली नाही. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस नागदेवाचार्यांच्या साहाय्याने संकलित केल्या. हा मूळ ग्रंथ खल्जींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नष्ट झाला व हिराइसा प्रभृतींच्या स्मरणावरून पुन्हा सिद्ध झाला, असे पंथपरंपरा मानते. उपलब्ध पोथ्यांत ‘एकी वासना’ अशा निर्देशाने भिन्न स्मृतीही नोंदविलेल्या आढळतात. मतभेद न दडविण्याचा हा प्रामाणिकपणा उल्लेखनीय होय.

ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीझ याचे लुप्त काव्यही मुख्यतः सहाव्या शतकातील भाष्यकार सिम्प्लिशिअस याच्या अवतरणांतून अंशतः हाती येते. हेरमान डील्स या जर्मन पंडिताने १९०३ मध्ये सॉक्रेटीसपूर्व तत्त्वज्ञांचे संकलन करताना मूळ वचने व इतरांनी दिलेली माहिती वेगळी केली. लीळाचरित्राच्या अभ्यासातही हा विवेक आवश्यक आहे.

केसोबासांनी लीळांतून चक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. वचनाच्या शब्दांपुरता तो महत्त्वाचा साक्षीदार ठरतो. परंतु ते वचन कोणाला, कोणत्या प्रसंगी उद्देशून होते, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी स्मरणसिद्ध लीळांकडेच वळावे लागते. सूत्र प्रसंगावाचून सिद्धांतासारखे भासते, तर प्रसंगात ते पुष्कळदा एखाद्या शिष्याला दिलेले उत्तर असते.

वि. भि. कोलते यांच्या १९७८ मधील संपादनाने अभ्यासकांना सलग पाठ उपलब्ध झाला. तथापि असा कोणताही पाठ म्हणजे म्हाइंभटांची मूळ पोथी नव्हे. शब्द व प्रसंग यांची विश्वसनीयता स्वतंत्रपणे तपासल्यासच चक्रधरांच्या विचारांचे यथार्थ आकलन संभवते.