ओवी कागदावर, ओवी पडद्यावर

छापील पुस्तक घ्यावं की ई-पुस्तक, हा प्रश्न बहुतेक घरांत किंमत, वजन आणि कपाटातली जागा यांवर सुटतो. कादंबरीच्या बाबतीत ते चालूनही जातं. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत मात्र चालत नाही. तिथे पानाची मांडणी वाचनात थेट हात घालते, आणि ती बदलली की वाचणंही बदलतं. म्हणून ज्ञानेश्वरीचं एकच पान समोर ठेवून हा प्रश्न पाहावा असं मला वाटतं.

सार्थ ज्ञानेश्वरीचं मधलं कुठलंही पान उघडा. गीतेचा श्लोक ठळक टाइपात, वरखाली मोकळी जागा सोडून छापलेला. त्याखाली ओव्या, प्रत्येक ओवी दोन ओळींत, शेवटी दोन दंडांच्या मध्ये तिचा क्रमांक. मग बारीक टाइपात गद्य अर्थ. आता एकाच ओवीवर नजर ठेवा. पहिल्या ओळीत दोन चरण, दुसऱ्या ओळीत दोन. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि यमकाबाहेरचा. दोन ओळींच्या या मांडणीत यमक पहिल्या ओळीच्या मध्यावर येतं, तिच्या शेवटी येतं आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर येतं. तिथून पुढे आखूड चरण ओवी मिटवतो. ज्याला छंदशास्त्राचा गंध नाही त्यालाही कुठे थांबायचं ते डोळ्यांनीच कळतं. पाच-सहा ओव्या मोठ्याने वाचल्या की श्वास आपोआप चौथ्या चरणावर सुटायला लागतो.

हीच ओवी मोबाइलवर वाचा. अक्षर जरा मोठं केलं की ओळ भलतीकडेच तुटते. दुसऱ्या चरणातला शेवटचा शब्द खाली एकटा लोंबतो, तिसरा चरण त्याला चिकटतो आणि चौथा वेगळा दिसेनासा होतो. अक्षरं सगळी जागेवर असतात, पण ओवीचं गद्य झालेलं असतं. जुन्या छापील प्रतीचं जसंच्या तसं पीडीएफ असेल तर मांडणी टिकते, पण मग हाताच्या पंजाएवढ्या पडद्यावर पान डावी-उजवीकडे सरकवत वाचावं लागतं. त्यात लय कुठून सापडणार?

याहून मोठी गोष्ट प्रमाणाची आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात वीस श्लोक आहेत, पंधराव्यातही वीसच. ज्ञानेश्वरीत मात्र बाराव्याच्या ओव्या अडीचशेच्या आसपास आणि पंधराव्याच्या सहाशेच्या घरात. मूळ तेवढंच, टीका दुपटीहून अधिक. छापील ग्रंथात हे कुणी सांगावं लागत नाही. बारावा अध्याय चिमटीत मावतो, पंधराव्याला मूठ लागते. ज्ञानदेव कुठे झरझर पुढे गेले आणि कुठे मुक्काम ठोकून बसले, हे कागदाच्या जाडीवर उमटलेलं आहे. अठराव्याशी आलात की उजव्या हातात अजून अठराशे ओव्यांचं ओझं शिल्लक असतं. पसायदान हे सगळं ओझं उजवीकडून डावीकडे गेल्यावर भेटतं. सरळ शेवटच्या पडद्यावर उडी मारून वाचलेलं पसायदान शब्दांनी तेच असलं, तरी तिथवर चालत आलेल्या वाचकाला ते वेगळं लागतं.

तेराव्या अध्यायात तर हा अनुभव शिगेला पोचतो. ज्ञानाची लक्षणं मोजायला सुरुवात करणारा गीतेचा एक श्लोक. त्या एका श्लोकावर तीनशेहून अधिक ओव्या, आणि त्यातल्या ‘अहिंसा’ या एका शब्दावर शंभरावर. आधी ज्ञानदेव इतरांच्या अहिंसेची झडती घेतात. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालावं, अशातली ती अहिंसा आहे हे दाखवतात. मग अहिंसक माणूस कसा असतो ते सांगायला बसतात आणि व्याख्या करायचं सोडून त्या माणसाचं चालणं दाखवतात. पाऊल कसं पडतं, पायाखालच्या जिवाला जपून ते कसं उचललं जातं. मग त्याचं बोलणं, त्याची नजर, त्याचे हात. एकेका अवयवात दया कशी मुरली आहे ते निरखत ओव्या पुढे सरकतात. छापील प्रतीत या भागात आपण पान उलटतो, पुन्हा उलटतो, आणि ठळक टाइपातला श्लोक येतच नाही. नुसत्या ओव्याच ओव्या. वाचकाला हळूहळू उमगतं की आपण अजून एकाच शब्दात आहोत. हा थरार मला मराठी वाचनात दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. पडद्यावर तो हरवतो, कारण तिथे प्रत्येक पडदा सारखाच. आधीचा मागे साचत नाही, पुढचा जाडीने जाणवत नाही. कोपऱ्यातला टक्क्यांचा आकडा ही जाणीव देऊ शकत नाही.

आता पडद्याच्या पदरात जे आहे ते मोकळ्या मनाने द्यायला हवं. पहिली देणगी शोधाची. पहिल्या अध्यायात श्रोत्याने कथा कशी ऐकावी हे सांगताना शरदाच्या चांदण्यातले कोवळे कण वेचणारी चकोराची पिल्लं येतात. ‘चकोर’ एवढंच टाइप करा, क्षणात पाचव्या अध्यायातला चकोर समोर येतो. तो कमळाच्या पाकळीच्या ताटात चंद्रकिरणं जेवलेला आहे, त्यामुळे वाळवंटातली वाळू काही चाटायला जाणार नाही. पहिल्या जागी पक्षी श्रोत्याची कोवळीक शिकवतो, दुसऱ्या जागी आत्मसुख लाभलेल्याचं वैराग्य. हे दोन चकोर शेजारी आले की कवीचं मन कसं चालतं ते दिसतं. पूर्वी यासाठी आयुष्यभराची पारायणं तरी हवीत किंवा सूची करणाऱ्या एखाद्या अभ्यासकाची मेहनत तरी.

दुसरी देणगी अर्थ झाकण्याची. छापील सार्थ प्रतीत ओवी जरा अडली की डोळा खालच्या गद्यावर घसरतो, आणि सातशे वर्षांपूर्वीची मराठी आपली आपण उलगडण्याचा आनंद निसटतो. काही ॲपमध्ये बोट लावल्याशिवाय अर्थ उघडत नाही. ही सोय फार मोलाची आहे. नजर अधू झालेल्या आजी-आजोबांना मोठं अक्षर मिळतं, परदेशातल्या मराठी घराला टपालाची वाट पाहावी लागत नाही, तेही खरंच.

मात्र एका बाबतीत पडद्यावरच्या प्रतींवर माझा राग आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. पुढे तीनशे वर्षं हाताने नकला होत गेल्या, पाठ बिघडले, आणि शके १५०६मध्ये एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. यात आपली ओवी कुणी घालू नये, अशी कडक ताकीद परंपरेने त्यांच्याच नावावर जपली आहे. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ती शिळाछापावर छापली. १९०९ साली इतिहाससंशोधक राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून निराळी पोथी प्रसिद्ध केली. तिचा पाठ वेगळा. पुढे सोनोपंत दांडेकरांची प्रत आली, १९६०ची शासकीय प्रत आली. पाठभेद आहेत, ओव्यांच्या संख्येतही फरक आहे. छापील प्रत आपण कुणाची ते पहिल्याच पानावर सांगते. मोबाइलवर फिरणाऱ्या कितीतरी प्रती हे सांगतच नाहीत. शिवाय टाइप करणाऱ्याच्या हाताला आजच्या शुद्धलेखनाची सवय, म्हणून जुन्या मराठीतले अनुस्वार गळतात. तिथे अनुस्वार विभक्ती दाखवतो, वचन दाखवतो. तो गेला की कुणी कुणाला काय केलं याचाच घोळ होतो. एकनाथांनी निस्तरलेलं काम आपण पुन्हा बिघडवतो आहोत.

माझा कौल स्पष्ट आहे. पहिली ज्ञानेश्वरी छापील घ्यावी. शब्दकोश आणि पाठभेद असलेली, ओवी दोन ओळींत मांडलेली, फार बारीक टाइप नसलेली. सुरुवात बाराव्या अध्यायापासून केली तरी हरकत नाही, आठवडाभरात तो मोठ्याने वाचून होतो. मोबाइलवरची प्रत दुसरी असावी, शोधायला आणि प्रवासाला. आणि ज्यांनी ज्ञानेश्वरी टाइप करून लोकांना मोफत दिली आहे, त्यांच्या कष्टांबद्दल पूर्ण आदर ठेवून एक विनंती : पहिल्या पडद्यावर ती कुठल्या प्रतीवरून उतरवली ते लिहा, आणि एकदा छापील प्रत शेजारी ठेवून अनुस्वार तपासा.