अध्ययनशैली : आवड आणि क्षमता

सर्व विद्यार्थी एकाच रीतीने शिकत नाहीत, हे अध्यापन करणाऱ्यास नव्याने सांगावे लागत नाही. परंतु या सर्वमान्य निरीक्षणावर जो सिद्धान्त उभारला गेला आहे, त्याची परीक्षा होणे अवश्य आहे. प्रत्येक व्यक्तीची एक स्थिर ‘अध्ययनशैली’ असते आणि अध्यापन तिच्याशी जुळते केल्यास अध्ययन अधिक फलदायी होते, असा तो सिद्धान्त होय.

न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग आणि कोलीन मिल्स यांनी १९९२ साली मांडलेली दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन व कृती ही चतुर्विध विभागणी विशेष परिचित आहे. मात्र ती एकमेव नव्हे. फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांना २००४ सालच्या आढाव्यात अशा ७१ मांडण्या आढळल्या. ज्या वस्तूचे इतक्या परींनी वर्गीकरण होते, तिच्या स्वरूपाविषयीच अभ्यासकांत एकमत नाही, असे म्हणणे प्राप्त आहे.

या सिद्धान्ताची कसोटी हॅरल्ड पॅश्लर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ साली स्पष्ट केली. शैलीनुसार विद्यार्थ्यांचे गट करावेत. प्रत्येक गटातील विद्यार्थी निरनिराळ्या अध्यापनपद्धतींकडे यदृच्छेने सोपवावेत. शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. एका गटाला सर्वांत हितकर ठरणारी पद्धत दुसऱ्या गटाला तशी ठरली नाही, तरच सिद्धान्ताला पुष्टी मिळेल. अशा रचनेचे प्रयोग त्यांना फारच थोडे आढळले, आणि त्यांतील कित्येकांचे निष्कर्ष सिद्धान्ताच्या विरुद्ध होते.

याचे कारण उघड आहे. शैलीची प्रश्नावली विद्यार्थ्यास काय आवडते ते विचारते. त्यास काय साधेल हे त्या उत्तरावरून ठरत नाही. शिवाय शिकण्याचे साधन बहुधा विषयच ठरवितो. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील आरंभीचे वर्ण लिपीत एकच आहेत; पहिला दंत्य व दुसरा तालव्य, हा भेद कानानेच शिकावा लागतो आणि जिभेचे स्थान स्वतः अनुभवून पक्का करावा लागतो. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद सामान्य उच्चारात सहसा ऐकू येत नाही. तो डोळ्यानेच शिकावयाचा. तेव्हा येथे ‘दृश्य’ विद्यार्थ्यास कानापासून किंवा ‘श्राव्य’ विद्यार्थ्यास लिपीपासून सूट देता येईल काय?

विद्यार्थ्यांतील खरे भेद अन्यत्र आहेत. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. म्हणून हिंदी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यास त्या ध्वनीचा अधिक सराव लागतो. ज्यास कमी ऐकू येते त्यास अन्य साधन पुरविणे हे अध्यापकाचे कर्तव्यच आहे. पहिला भेद पूर्वसंस्काराचा, दुसरा गरजेचा. आवडीशी यांपैकी कोणाचाही संबंध नाही.

असे वर्गीकरण निरुपद्रवी आहे, असे मानणे धोक्याचे आहे. ‘आपण श्राव्य प्रकृतीचे नाही’ अशी ज्याची समजूत करून दिली जाते, तो ध्वनिलेखनाचा सराव टाळू लागतो. जेथे तो दुबळा, तेथेच त्याचे साहाय्य थांबते. यास्तव विद्यार्थ्यास त्याची शैली विचारण्यापूर्वी अध्यापकाने स्वतःस विचारावे : हा विषय कोणत्या इंद्रियाची मागणी करतो, आणि या विद्यार्थ्यास आधीपासून काय येते?