एकास एक द्वंद्वातील विजय : डावपेचप्रधान नेमबाजी खेळांची चिकित्सा

प्रस्तावना

नाटक, चित्रपट, लोककला यांची चिकित्सा मराठी समीक्षेने समर्थपणे केली आहे. संगणकीय खेळ मात्र अद्याप तिच्या कक्षेबाहेर राहिले आहेत. महाविद्यालयीन वर्तुळात त्यांचा उल्लेख झालाच तर तो व्यसन, हिंसा अथवा अभ्यासाकडील दुर्लक्ष या संदर्भात होतो. ही चिंता अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. तथापि डिसेंबर 2022 मध्ये केंद्र शासनाने ई-क्रीडेला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि 2025 च्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-क्रीडेला त्यांपासून वेगळे काढले. ज्या गोष्टीला क्रीडेचा दर्जा मिळतो तिच्यातील कौशल्य नेमके कोणते, हा प्रश्न मग शिक्षकालाही टाळता येत नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारी भागातील विद्यार्थीही या खेळांपासून दूर नाहीत. त्यामुळे हा प्रश्न आपल्या वर्गापर्यंत येऊन पोहोचला आहे.

प्रस्तुत लेखाची मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. येथे 'काउंटर-स्ट्राइक' आणि 'व्हॅलोरंट' या दोन खेळांतील एकाच प्रसंगाचा विचार केला आहे. हा प्रसंग म्हणजे दोन खेळाडू समोरासमोर येतात तो क्षण. 1999 मध्ये हौशी निर्मिती म्हणून सुरू झालेला पहिला खेळ आणि 2020 मध्ये आलेला दुसरा, या दोहोंत प्रत्येकी पाच खेळाडूंचे दोन संघ असतात. एका फेरीत मेलेला खेळाडू सहसा त्या फेरीपुरता परत येत नाही. त्यामुळे प्रत्येक द्वंद्वाला मोल येते.

विजयाची पूर्वतयारी

बाहेरून पाहणाऱ्यास हा हाताच्या चपळाईचा खेळ वाटतो. परंतु डोळ्याला दिसलेल्या गोष्टीवर हाताने प्रतिसाद देण्यास माणसाला साधारणतः एक पंचमांश सेकंद लागतोच. सरावलेल्या दोन खेळाडूंमधील फरक त्याहून पुष्कळ लहान असतो. म्हणून केवळ चपळाईने जिंकण्यास फारसा वाव उरत नाही. जिंकणारा खेळाडू आपले काम आधीच करून ठेवतो. पडद्यावरील नेमचिन्ह तो सतत डोक्याच्या उंचीवर, शत्रू जेथून प्रकटेल त्या कडेशी ठेवतो. शत्रू दिसल्यावर त्याला नेम शोधावा लागत नाही, फक्त कळ दाबावी लागते. 'व्हॅलोरंट'मधील व्हँडल या बंदुकीची डोक्यात बसणारी एक गोळी 160 गुणांची हानी करते. पूर्ण चिलखत घातलेल्या खेळाडूचे बळ 150 असते. म्हणजे पहिली गोळी अचूक असेल तर दुसरीची गरज नाही.

दुसरी गोष्ट पावलांची. या खेळांत धावता धावता झाडलेली गोळी भरकटते. म्हणून निष्णात खेळाडू ज्या दिशेने चालला आहे तिच्या विरुद्ध दिशेची कळ क्षणभर दाबून जागीच थांबतो आणि त्याच क्षणी गोळी झाडतो. तिसरी गोष्ट कोनाची. एका कोपऱ्याच्या दोन बाजूंना दोघे उभे असता जो कोपऱ्यापासून अधिक दूर उभा आहे त्याला दुसऱ्याचा खांदा आधी दिसतो. भिंतीला चिकटणारा नवशिका ही साधी भूमिती न ओळखल्याने मरतो आणि दोष आपल्या हाताला देतो. एका वेळी एकच कोन उघडावा, दोन बंदुकांसमोर एकदम जाऊ नये, हा नियमही येथूनच निघतो.

चौथी गोष्ट ध्वनीची. धावण्याचा आवाज शत्रूस ऐकू जातो, हळू चालण्याचा जात नाही. कुशल खेळाडू एक प्रकारे शब्दवेधी असतो. परंतु शब्दवेधाचा धोका आपल्या परंपरेला श्रावणबाळाच्या कथेपासून ठाऊक आहे. आवाज ऐकू येतो, आवाज करणाऱ्याचा हेतू कळत नाही. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये बॉम्ब लावल्यानंतर 40 सेकंदांत तो फुटतो. तो निकामी करण्यास 10 सेकंद, साधन जवळ असल्यास 5 सेकंद लागतात. अखेरीस दोघेच उरले असता बचाव करणारा बॉम्बला हात लावल्याचा आवाज करतो आणि लगेच सोडून देतो. तो आवाज ऐकून घाईने बाहेर आलेला प्रतिस्पर्धी सज्ज बंदुकीसमोर येतो. आपण यालाच हूल देणे म्हणतो. येथे जिंकतो तो प्रतिस्पर्ध्याच्या मनातील घड्याळ वाचणारा.

आडोसा आणि कालांतर

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की आडोशाला दबा धरून बसणाऱ्याचेच पारडे जड असावे. आपल्या जिल्ह्यातील दुर्गरचना हाच सिद्धांत दगडात मांडते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत दडलेला आहे. मुरूडच्या जंजिऱ्याचे प्रवेशद्वार होडी अगदी जवळ जाईपर्यंत ओळखू येत नाही. तटबंदीतील जंग्यांमधून आतल्यास बाहेरचे दिसते, बाहेरच्यास आतले दिसत नाही. थांबणाऱ्याने आधी पाहावे आणि येणाऱ्याने आधी दिसावे, हे या स्थापत्याचे सूत्र आहे.

जाळ्यावर खेळल्या जाणाऱ्या द्वंद्वात हे सूत्र उलटते. बाहेर पडणारा खेळाडू स्वतःच्या पडद्यावर तत्काळ बाहेर पडतो आणि त्याला समोरचे दिसू लागते. त्याच्या हालचालीची वार्ता मात्र आधी मध्यवर्ती संगणकाकडे आणि तेथून थांबलेल्याच्या पडद्यावर पोहोचावी लागते. संदेश जाऊन परत येण्यास दोघांनाही 40 मिलिसेकंद लागतात असे मानले, तर एकेरी प्रवासाचे 20 अधिक 20, म्हणजे किमान 40 मिलिसेकंद बाहेर पडणारा आधी पाहतो. त्यांपैकी एकाचे जाळे मंद असून त्याला 120 मिलिसेकंद लागत असतील, तर हे अंतर 80 वर जाते. खेळाडू यास 'पीकर्स ॲडव्हान्टेज' म्हणतात. त्यातच, गोळी झाडणाऱ्याने ज्या क्षणी शत्रूला जेथे पाहिले त्या क्षणापर्यंत मध्यवर्ती संगणक काळ मागे नेऊन निवाडा करतो. म्हणून भिंतीआड पोहोचल्यावरही आपण मेलो, अशी तक्रार ऐकू येते. हा बिघाड नाही, जाणीवपूर्वक केलेली तडजोड आहे. 'काउंटर-स्ट्राइक'च्या निर्मात्या संस्थेतील यान बर्नियर यांनी 2001 मध्येच या तडजोडीची जाहीर चर्चा केली होती. 'व्हॅलोरंट'ने सेकंदाला 128 वेळा स्थितीची नोंद घेणारे संगणक वापरून आणि खेळाडूंच्या जवळ केंद्रे उभारून हे कालांतर घटवले. ते नाहीसे झालेले नाही.

याचा अर्थ मंद जाळ्याचा खेळाडू प्रत्येक वेळी हरतो असा नव्हे. स्वतः बाहेर पडताना त्यालाही हाच लाभ मिळतो. परंतु दोघांनी एकाच सुमारास गोळी झाडली तर ज्याचा संदेश आधी पोहोचतो त्याच्या बाजूने निकाल लागण्याची शक्यता अधिक असते. शिवाय संयमाने कोन राखून बसण्याचे डावपेच त्याच्यासाठी कमकुवत होतात. मुंबईतील वेगवान जोडणी आणि लपंडाव खेळणारी किनारी गावातील जोडणी यांत तेच कौशल्य समान किमतीचे राहत नाही. धावपटूंना एकाच रेषेवर उभे केले जाते. येथे ती रेषा प्रत्येकाच्या घरी वेगळी आखलेली आहे.

'एकास एक' या कल्पनेची मर्यादा

दुसरी चिकित्सा गुणफलकाची. प्रत्येक बळी फलकावर एका नावापुढे नोंदला जातो आणि त्यावरून खेळाडूची योग्यता ठरते. वस्तुतः समान द्वंद्व असे येथे क्वचितच घडते. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये आक्रमकांच्या एके-47 ची एक गोळी शिरस्त्राणासह डोके भेदते, बचावकर्त्यांच्या एम4 ची भेदत नाही. कोणाच्या हाती कोणते शस्त्र येईल हे मागील फेऱ्यांत संघाने राखलेल्या पैशांवर अवलंबून असते. एकाने धूर सोडला, दुसऱ्याने डोळे दिपवले, तिसऱ्याने शत्रूची जागा सांगितली, तेव्हा कोठे चौथ्याचा 'एकट्याचा' विजय घडतो.

महाराष्ट्राच्या स्मृतीतील सर्वांत ठळक द्वंद्व 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी घडले. त्या भेटीकडे आपण केवळ दोन वीरांच्या बळाची कसोटी म्हणून पाहत नाही. भेटीचे ठिकाण, अंगरख्याखालील चिलखत, जावळीच्या रानात पेरलेले सैन्य, या पूर्वतयारीचे कौतुक करतो. आणि सय्यद बंडाचा वार रोखणाऱ्या जिवा महालाचे नाव 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' या म्हणीने लोकांनी घराघरांत जपले. अफझलखानाच्या प्रसंगाचे मोठेपण आणि पडद्यावरील खेळ यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा एवढाच की, लोकस्मृतीने विजयाचे श्रेय वाटून दिले. ते वाटून देण्याची सोय खेळाच्या फलकावर अपुरी आहे. साहाय्याची नोंद तेथे असते, पण तिला बळीचे तेज नसते.

समारोप

डावपेचप्रधान नेमबाजी खेळातील द्वंद्व हे मुख्यत्वे पूर्वतयारीचे, अवकाशाच्या आकलनाचे आणि दुसऱ्याच्या मनाच्या वाचनाचे कौशल्य आहे. या दृष्टीने तो तुच्छतेने झटकावा असा प्रकार नाही. मात्र समान संधीचा त्याचा दावा जाळ्याच्या विषमतेपाशी आणि व्यक्तिगौरवाचा त्याचा आग्रह संघकार्याच्या वास्तवापाशी लंगडा पडतो. महाविद्यालयीन पातळीवर अशा स्पर्धा भरवायच्या असतील तर त्या एकाच दालनात, एकाच जोडणीवर व्हाव्यात आणि निवड केवळ बळींच्या संख्येवर होऊ नये, ही किमान अपेक्षा आहे. सहज हरलेल्या विद्यार्थ्याला आपण मंद आहोत असे वाटते. त्याचा हात मंद होता, त्याची उभे राहण्याची जागा चुकली होती, की त्याच्या गावची तार मंद होती, हा भेद त्याला करता येणे हेच या विषयाच्या अध्यापनाचे पहिले फलित ठरावे.