स्त्रियांची राखीव क्षेत्रे आणि पारलिंगी व्यक्ती : एका वादाची चिकित्सा

स्त्रियांसाठी राखलेल्या क्षेत्रात पारलिंगी स्त्रियांना प्रवेश असावा की नसावा, या वादातील दोन्ही पक्ष अशी सर्व क्षेत्रे एकाच प्रकारची आहेत असे गृहीत धरतात. हे गृहीतच प्रथम तपासले पाहिजे.

डहाणू-तलासरी भागातील वारली विवाहात चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. मंगलगीते गाऊन विवाह सिद्धीस नेण्याचा अधिकार धवलेरीचा. येथे केवळ स्त्री असणे पुरेसे नाही. सवाष्णपण वा विधीचे ज्ञान आवश्यक ठरते. १९७० नंतरच्या दशकात ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आली, तेव्हा तिला दूरवर कीर्ती मिळवून दिली ती डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे या पुरुषाने. विधी स्त्रियांकडे राहिला. बाजारातील चित्र मात्र पुरुषांचेही झाले. तेव्हा आपले क्षेत्र हातचे जाईल ही स्त्रियांची भीती निराधार म्हणता येत नाही; परंतु येथील बदलास पारलिंगी व्यक्ती कारण नव्हत्या, हेही नमूद केले पाहिजे.

दुसरे उदाहरण निवडणुकीचे. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत स्त्रियांसाठी राखीव जागेवर एका पारलिंगी स्त्रीने भरलेला अर्ज नामंजूर झाला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१९ च्या अधिनियमातील स्वानुभूत लिंगओळखीच्या तरतुदीवरून तिला स्त्री म्हणून निवडणूक लढविण्याची मुभा दिली. मात्र सोयीनुसार पुन्हा पुरुष म्हणवून घेणार नाही, हे तिचे निवेदनही नोंदविले. याउलट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तेथील २०१० च्या समता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगानुसार लावला. दोन्ही निर्णय आपापल्या कायद्याच्या शब्दांपुरते आहेत. त्यांना सार्वत्रिक सिद्धान्त मानणे हा या वादातील मुख्य दोष होय.

प्रतिनिधित्वाची जागा, विधीचा मान आणि देहाच्या खासगीपणासाठी राखलेली खोली यांची प्रयोजने भिन्न आहेत. ग्रामपंचायतीच्या जागेविषयीचे उत्तर वसतिगृहाच्या न्हाणीघरास जसेच्या तसे लागू करता येत नाही. तशीच न्हाणीघराविषयीची शंका ग्रामपंचायतीच्या जागेविरुद्ध पुरावा ठरत नाही. यास्तव प्रत्येक ठिकाणी क्षेत्र कशासाठी राखले, प्रवेशाने वा नकाराने कोणाची कोणती हानी होते आणि तिचा पुरावा काय, हे क्रमाने विचारावे. आपल्या अभ्यासकांनी हे प्रश्न प्रथम त्या क्षेत्रात वावरणाऱ्या स्त्रियांना आणि दाराबाहेर राहिलेल्या पारलिंगी व्यक्तींना विचारावेत. निष्कर्ष त्यानंतर मांडावा.