चादर, गोटी आणि गच्चीवरची काठी

डिसेंबर-जानेवारी म्हणजे शालेय विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम. गिरगावपासून लालबाग-परळपर्यंतच्या शाळांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला अनेकदा आला. खगोलशास्त्राच्या टेबलावर एक प्रयोग हमखास दिसतो. ताणलेल्या लवचीक कापडावर मधोमध जड गोळा ठेवायचा आणि कडेने गोटी सोडायची. गोटी गोळ्याभोवती फेऱ्या मारते. 'यालाच गुरुत्वाकर्षण म्हणतात,' असे विद्यार्थी पाठ केलेल्या वाक्यात सांगतो. साहित्य स्वस्त, पाहणाऱ्यांना मजाही येते. मग तक्रार कसली?

परळच्या एका शाळेत सातवीतल्या मुलीने हा प्रयोग पाहून विचारले, "बाई, पण गोटी खड्ड्यात जाते ती खालून पृथ्वी ओढते म्हणूनच ना?" उत्तर मिळाले, "ते आपल्याला परीक्षेला नाही." आमच्या मते त्या दिवशीचे सर्वांत चांगले विज्ञान त्या प्रश्नात होते. मुलीने प्रयोगाचे मर्मच पकडले होते. येथे गुरुत्वाकर्षण समजावण्यासाठी गुरुत्वाकर्षणच वापरलेले आहे! शिवाय घर्षणामुळे गोटी अखेर गोळ्याला जाऊन चिकटते. ग्रहही असेच सूर्यात पडणार, असे मुलांनी मानले तर दोष त्यांचा नाही. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांताची तोंडओळख म्हणून, मर्यादा सांगून, हे प्रतिरूप महाविद्यालयात चालेल. सातवीत ते चकवते.

त्याऐवजी सुतळी आणि दगड घ्या. टांगलेल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत १ मीटर लांबी ठेवा आणि लहान झोके द्या. ५० झोक्यांना सुमारे १०० सेकंद लागतील. दगड दुप्पट जड घेतला तर? उत्तर आधी वर्गाकडून घ्या, मग मोजा. वेळ बदलत नाही. सुतळी पाव मीटर केली की वेळ निम्मी होते. नववी-दहावीच्या मुलांनी ४π² गुणिले लांबी भागिले एका झोक्याच्या वेळेचा वर्ग, असे गणित केले की ९.८ च्या जवळचा आकडा येतो. पुस्तकातला आकडा त्यांचा स्वतःचा होतो.

आकाशाच्या बाबतीतही हेच घडते. अलीकडे 'शून्य सावलीचा दिवस' लोकप्रिय झाला आहे. उपक्रम उत्तम, पण मुंबईत हे दिवस मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस येतात. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैमध्ये आकाशात ढग. म्हणजे मुलांनी फक्त बातमी वाचायची. त्यातून 'सूर्य रोज बारा वाजता डोक्यावर येतो' हा समज दूर होत नाही.

वास्तविक मुंबईचा मध्यान्ह बाराला होतच नाही. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आणि आपण राहतो सुमारे ७२.८ अंशांवर. त्यामुळे येथला मध्यान्ह सरासरी १२.३९ ला येतो आणि वर्षभरात १२.२२ ते १२.५३ असा सरकतो. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली, तरी ३९ मिनिटे मागे असणारी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकून होती, ती यामुळेच. दोन अधिवेशनांच्या शाळांत हीच वेळ सकाळची मुले सुटण्याची आणि दुपारची येण्याची. काठी रोवायला याहून सोयीची वेळ कोणती?

गच्चीवर १ मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. १२.२० ते १ पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपा. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची. २२ डिसेंबरला ती सुमारे ९१ सेंमी भरते, २१ मार्चला सुमारे ३४ सेंमी. दोन्ही वेळा शाळा चालू आणि आकाश बहुधा निरभ्र. आता कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून काठीच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजा. मार्चमध्ये सुमारे १९ अंश मिळतील. हा मुंबईचा अक्षांश. डिसेंबरमध्ये सुमारे साडेबेचाळीस. वजाबाकी करा: साडेतेवीस! पृथ्वीच्या अक्षाचा कल गच्चीवर सापडला. गच्चीला कुलूप असेल, तर ऊन येणाऱ्या दक्षिणेकडच्या गॅलरीत पुठ्ठ्यावर १० सेंमीचा खिळा उभा करूनही भागेल.

अर्थात सावलीवरून फिरत्या पृथ्वीपर्यंतची उडी मुले आपोआप घेत नाहीत. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी त्यासाठी हातवारे आणि आकृत्या यांचा उपयोग अभ्यासला आहे. त्यालाही पैसे लागत नाहीत.

प्रयोग स्वस्त असणे पुरेसे नाही. मुलांचा अंदाज चुकला तर 'नाही' असे सांगण्याची सोय त्या प्रयोगात हवी. चादरीवरची गोटी पढवलेले तेवढेच बोलते. काठीची सावली कोणाची भीड ठेवत नाही, शिक्षकांचीसुद्धा. आणि ती तशी वागली, की 'बाई, पण…' असे विचारणाऱ्या मुलीला गप्प करण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.